जुन्या पबच्या माडीवर मुक्काम : वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमधल्या गावांच्या मुख्य चौकात जुने पब असतात. खाली बार, वर राहायच्या खोल्या आणि चालवणारी एखादी मोठी कंपनी. अशा ठिकाणांविषयी गेल्या अंकात एक टिपण छापलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांचं मूळ एकच आहे. या जागी तीन गोष्टी एका छपराखाली नांदतात : जुनी इमारत, दारूविक्रीचा परवाना आणि कंपनीची नियमावली. अडचण यांतल्या कशामुळे आली हे कळलं, की कुणाकडे काय मागायचं तेही कळतं.

प्रश्न : जूनमध्ये आम्ही नवरा-बायको, सासू-सासरे आणि ९ व १६ वर्षांची दोन मुलं असे यॉर्कशरला जातोय. ऑनलाइन ‘हॉटेल’ म्हणून बुक केलेलं ठिकाण खाली पब आणि वर खोल्या असं निघालं. मुलांना घेऊन तिथे राहता येतं का? सासूबाईंना तर दारूच्या गुत्त्यावर मुक्काम ही कल्पनाच सहन होत नाहीये.

उत्तर : निर्धास्त राहा, आणि सासूबाईंना सांगा की गुत्त्याशी याचा काही संबंध नाही. इंग्लंडच्या बाजारपेठेच्या गावांतल्या या सराया मुळात प्रवाशांच्या मुक्कामासाठीच उभ्या राहिल्या. २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून बाथमार्गे लंडनला पहिली टपालगाडी धावली. पुढची पन्नासएक वर्षं या सराया घोडागाड्यांवर चालल्या. गाडी थांबली की घोडे बदलायचे, प्रवाशांना गरम जेवण द्यायचं, रात्र झाली असेल तर खोली द्यायची. दर्शनी भिंतीतली उंच कमान दिसते ना, ती गाडी घोड्यांसकट आतल्या अंगणात यावी म्हणून ठेवलेली. १८३० नंतर रेल्वे पसरली आणि गाड्या बंद पडल्या. ज्या सराया तगल्या त्या बिअर आणि जेवणावर तगल्या. आज सकाळी आठला खाली उतरलात तर बारच्या खोलीत चहा आणि पेपर घेऊन बसलेले निवृत्त गावकरी दिसतील.

आता कायदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ चा परवाना कायदा लागू आहे. जिथे मुख्य धंदा दारू पाजण्याचा आहे तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना सोबत मोठं माणूस लागतं. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला चिप्सची ऑर्डर द्यायलासुद्धा एकटं खाली पाठवू नका. सोळा वर्षांच्या मुलाला टेबलावर जेवताना, सोबत १८ वर्षांवरचं माणूस असेल तर बिअर, वाइन किंवा सायडर पिण्याची मुभा कायदा देतो, मात्र ती विकत मोठ्या माणसानेच घ्यायची. व्हिस्की-जिन कुठल्याही परिस्थितीत नाही. आणि कायद्याने मुभा दिली म्हणून पबने ती द्यायलाच हवी असं नाही, कित्येक कंपन्या १८ खाली सरसकट नाही म्हणतात.

संध्याकाळी आठ-नऊनंतर मुलांना बारमध्ये बसू न देण्याचा नियम बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो कधी कंपनीचा असतो, कधी परवान्यातलीच अट असते. परवान्यातली अट असेल तर मॅनेजरला ती शिथिल करताच येत नाही, त्यामुळे हुज्जत घालून उपयोग नाही. हा नियम बारमध्ये बसण्यापुरता असतो, खोलीत जाण्यायेण्याला तो आड येत नाही. बुकिंगच्या वेळी एवढंच विचारा : खोल्यांकडे जायला वेगळं दार आहे का, की बारमधूनच जावं लागतं? वेगळं दार असेल तर सासूबाईंचा प्रश्न जवळपास मिटलाच.

प्रश्न : मागच्या खेपेला अशाच एका ठिकाणी तीन रात्री झोप नाही. खाली गोंगाट, पहाटे खडखडाट, लिफ्ट नाही, खिडकीतून वारा. मॅनेजर म्हणाला, ‘इमारतच जुनी आहे.’ ही पळवाट की खरं कारण? आणि खोली निवडताना काय बघावं?

उत्तर : अर्धं खरं आहे. अशा इमारती बहुधा ‘लिस्टेड’ असतात, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या. इंग्लंडमध्ये त्यांचे तीन दर्जे आहेत : एक, दोन-तारांकित आणि दोन. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती दर्जा दोनच्या असतात. दर्जा कोणताही असो, इमारतीच्या वैशिष्ट्याला धक्का लागेल असा बदल आतून किंवा बाहेरून परवानगीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे. लिफ्टसाठी जुन्या तुळया कापाव्या लागतात, एसीचं बाहेरचं युनिट भिंतीवर टांगावं लागतं, दुहेरी काचेसाठी मूळ लाकडी खिडकी काढावी लागते. तिन्हींना स्थानिक कौन्सिलची संमती लागते आणि ती सहजी मिळत नाही.

पण वारा आणि आवाज यांवर उपाय नाही असं मात्र नाही. मूळ खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी काचेची चौकट बसवता येते. दोन काचांमध्ये १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर ठेवलं तर रस्त्याचा आवाज चांगलाच कमी होतो. अशी चौकट बसवायला परवानगी बहुधा मिळते. ज्या कंपनीने ती बसवलेली नाही, तिथे अडसर खर्चाचा असण्याची शक्यता जास्त. म्हणून फोनवर नेमकं विचारा : ‘खिडकीला आतून दुसरी काच आहे का?’

खोलीची जागा त्याहून महत्त्वाची. बारच्या थेट वरची खोली टाळा, जुन्या फळ्यांच्या जमिनीतून बोलणं नाही तरी संगीताचा ठोका वर येतोच. स्वयंपाकघराच्या धुराड्याचा पंखा ज्या भिंतीवर आहे त्या बाजूची खोली नको, तो सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या शेवटच्या ऑर्डरपर्यंत घरघरतो. चौकाकडे तोंड असलेली खोली दिसायला देखणी, पण बाजाराच्या दिवशी पहाटेपासून लोखंडी सांगाड्यांचे स्टॉल उभे राहू लागतात, शिवाय समोर चर्च असलं तर घंटा. कमानीवरच्या खोलीला तर खालून उघडी हवा, त्यामुळे जमीन गार, आणि त्याच कमानीतून बिअरचा ट्रक आत येतो. तुमचा पहाटेचा खडखडाट बहुधा तोच असावा : रिकामी पिंपं तळघरातून वर काढून दगडी फरशीवरून लोटत नेतात. कोणत्या वारी माल येतो हे काउंटरवर कुणीही सांगेल.

रात्री उशिरा काचेच्या बाटल्या डब्यात ओतण्याचा आवाज येत असेल तर तक्रारीला जागा आहे. ठरावीक वेळेनंतर बाहेर बाटल्या टाकू नयेत अशी अट पुष्कळ परवान्यांत असते. परवान्याचा सारांश पबमध्ये ठळक जागी लावणं बंधनकारक आहे, बारजवळच्या भिंतीवर चौकटीत मिळेल. त्यात विक्रीची शेवटची वेळ आणि दार बंद करण्याची वेळ अशा दोन वेगळ्या वेळा असतात. झोपेचा हिशोब दुसऱ्या वेळेवरून करा. सगळ्या अटी पाहायच्या तर कौन्सिलकडे परवान्यांची सार्वजनिक नोंदवही असते, बऱ्याच कौन्सिलांनी ती ऑनलाइन ठेवली आहे. बुकिंगआधी पाच मिनिटं तिथे घालवलीत तर शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत डीजे आहे की नाही, याचा अंदाज येतो.

आणि सगळ्यांत उपयोगी प्रश्न हा : ‘मागच्या अंगणातल्या तबेल्यात खोल्या केल्या आहेत का?’ अनेक सरायांनी घोड्यांचे तबेले आणि गाडीखाने खोल्यांमध्ये बदलले आहेत. तिथे नळ-गटारं नवी, जमीन सपाट, बहुधा तळमजला आणि बारपासून अंगणाचं अंतर. गुडघे दुखणाऱ्यांनी तीच मागावी. मुख्य इमारतीत ‘पहिला मजला’ म्हटलं तरी वाटेत दोन पायऱ्या वर, तीन खाली असं चालतं, कारण शेजारशेजारची दोन-तीन घरं वेगवेगळ्या काळात जोडून ती इमारत झालेली असते. नुसतं ‘लिफ्ट आहे का’ विचारून भागत नाही. ‘रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या’ असं विचारा. २०१० च्या समानता कायद्यानुसार अपंग पाहुण्यांसाठी वाजवी सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. लिफ्ट शक्य नसेल तर तळमजल्याची खोली देणं ही त्यातलीच सोय.

प्रश्न : चेक-इनच्या वेळी आम्हा भारतीयांकडे पासपोर्ट मागितला, पुढच्या इंग्रज जोडप्याकडे नाही. हा भेदभाव नाही का?

उत्तर : १९७२ च्या हॉटेल-नोंदींच्या आदेशानुसार १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक पाहुण्याचं पूर्ण नाव आणि राष्ट्रीयत्व नोंदवावं लागतं, इंग्रज पाहुण्याचंसुद्धा. पासपोर्टचा क्रमांक, तो कुठे दिला गेला आणि पुढचा मुक्काम कुठे, ही जादा माहिती ‘परकीय’ पाहुण्यांकडून घ्यायची असते. त्यात राष्ट्रकुलाचे आणि आयर्लंडचे नागरिक धरले जात नाहीत. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणजे हा आदेश भारतीय पाहुण्यांकडून पासपोर्ट क्रमांक मागत नाही.

तरीही कार्डावरचं नाव पडताळायला फोटो असलेलं ओळखपत्र बघण्याचा कंपनीचा स्वतःचा नियम असू शकतो. तो सगळ्यांना सारखा हवा. शांतपणे विचारा : ‘हे कायद्यासाठी की कंपनीच्या नियमासाठी?’ बारमध्ये पंचविशीच्या आतले दिसणाऱ्या कुणाकडेही वयाचा पुरावा मागतात, ती बाब वेगळी. तिथे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, मोबाइलमधला त्याचा फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही.

प्रश्न : दारावर १५०० च्या आसपासचं साल आहे, पण दर्शनी भाग विटांचा, सरळ रेषेतला, फार तर दोन-अडीचशे वर्षांचा वाटतो. कंपनी गिऱ्हाइकाला भुलवते आहे का?

उत्तर : तुमची नजर बरोबर आहे आणि पाटीही बरोबर असू शकते. अठराव्या शतकात सुबत्ता आली तेव्हा गावोगावच्या सरायांनी जुन्या लाकडी सांगाड्यापुढे विटांची नवी, प्रमाणबद्ध भिंत उभारली आणि उंच सरकत्या खिडक्या बसवल्या. मागचं घर तसंच राहिलं. कमानीतून अंगणात जा आणि मागे वळून छपराकडे पाहा. दर्शनी बाजूला सरळ दिसणारी छपराची रेषा मागून वाकलेली असेल, वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला असेल, तर आत जुना सांगाडा आहे. आतल्या तुळयांवर रिकाम्या खाचा दिसल्या तर तिथे एकेकाळी दुसरं लाकूड बसत होतं, म्हणजे भिंत किंवा माळा हलवला आहे. मात्र काळा रंग फासलेल्या, एकसारख्या गुळगुळीत तुळया दिसल्या की सावध व्हा, विसाव्या शतकात नुसत्या शोभेसाठी ठोकलेल्या तुळयाही पुष्कळ आहेत.

खात्री करायची तर इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसा यादीत गावाचं आणि पबचं नाव घालून शोधा. ही यादी फुकट आणि ऑनलाइन आहे. नोंदीत कोणता भाग कोणत्या शतकातला ते वेगवेगळं लिहिलेलं असतं. ‘सर्वांत जुना पब’ या दाव्याला मात्र फार किंमत देऊ नका. नॉटिंगहॅमचा ‘यी ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ आपल्या भिंतीवर ११८९ हे साल मिरवतो, पण उभी इमारत त्याहून बरीच अलीकडची आहे. खरोखर जुनं आणि अजून सराईसारखं दिसणारं बघायचं असेल तर ग्लॉस्टरचं ‘न्यू इन’ पाहा. नावात ‘नवं’ असलं तरी बांधकाम १४५० च्या सुमाराचं, मठाकडे येणाऱ्या यात्रेकरूंसाठी केलेलं, आणि अंगणाभोवती लाकडी सज्जे आजही आहेत. लंडनमध्ये सज्जे असलेली अशी एकच सराई उरली आहे, सदर्कमधली ‘द जॉर्ज’. १६७६ च्या आगीनंतर १६७७ मध्ये ती पुन्हा बांधली. तिचे तीन बाजूंचे सज्जे होते, रेल्वेच्या काळात दोन बाजू पाडल्या गेल्या, आज एकच बाजू उभी आहे.

प्रश्न : ‘द जॉर्ज’चाच विषय निघाला आहे, तर ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची की ग्रीन किंग या बिअर आणि पब कंपनीची? मालक एक, चालवणारा दुसरा, नाव तिसरंच, मग पैसे परत मागायचे तर कुणाकडे?

उत्तर : ‘द जॉर्ज’ १९३७ पासून नॅशनल ट्रस्टच्या मालकीची आहे आणि ग्रीन किंग भाडेपट्ट्याने ती चालवते. असे थर सगळीकडे आहेत आणि ते नवेही नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ट्रस्ट हाउसेस या संस्थेने बंद पडत चाललेल्या जुन्या सराया घेऊन एका व्यवस्थापनाखाली चालवायला सुरुवात केली, तीच १९७० मध्ये फोर्टे कंपनीत विलीन झाली. आजच्या रचनेचं मूळ १९८९ च्या सरकारी आदेशांत आहे. २,००० पेक्षा जास्त पब असलेल्या बिअर कंपन्यांच्या मक्तेदारीला त्यांनी चाप लावला, कंपन्यांनी हजारो पब विकले, आणि ते घ्यायला फक्त पब बाळगणाऱ्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या.

पाहुण्याच्या दृष्टीने पब दोन प्रकारचे. एकात मॅनेजर पगारी असतो. मेन्यू, दर, गाद्या, उशा सगळं मुख्य कार्यालयातून ठरतं. तिथे मॅनेजर तुम्हाला खोली बदलून देईल, नाश्ता माफ करेल, पण आगाऊ भरलेले पैसे परत करण्याचा अधिकार त्याला बहुधा नसतो, ते काम ग्राहक-कक्षाचं. दुसऱ्या प्रकारात एखादं कुटुंब कंपनीला भाडं देऊन पब चालवतं, बिअर त्याच कंपनीकडून घेण्याचं बंधन त्याच्यावर असतं, पण स्वयंपाकघर आणि खोल्या त्याच्या. तिथे पाटीवर कंपनीचं नाव असलं तरी तुमचा व्यवहार त्या कुटुंबाशी झालेला असतो आणि कंपनी हात वर करते. ओळखायची खूण बिलावर आहे : तळाशी कंपनीचं कायदेशीर नाव आणि व्हॅट क्रमांक असतो. तक्रार त्या नावाने करा. बुकिंग एखाद्या मध्यस्थ संकेतस्थळावरून केलं असेल तर परताव्याची अट त्या संकेतस्थळाची लागू होऊ शकते. थेट कंपनीकडे बुक केलेलं बरं असं आम्ही म्हणतो ते यासाठीच.

आणखी एक फरक सहसा कुणी सांगत नाही. १९७९ मध्ये लंडनच्या मझवेल हिलमध्ये सुरू झालेल्या वेदरस्पून या पब-कंपनीने बँका, नाट्यगृहं, सिनेमागृहं घेऊन पब केले. टनब्रिज वेल्सचं १९०२ चं ऑपेरा हाउस किंवा रॅम्सगेटच्या किनाऱ्यावरचा रॉयल व्हिक्टोरिया पॅव्हिलियन हे त्यांतले डोळ्यांत भरणारे. प्रत्येक पबला गालिचाही वेगळ्या नक्षीचा असतो, छताकडे बघून झालं की जमिनीकडे जरूर बघा. अशा रूपांतरित इमारतीला जोडून खोल्या असतील तर त्या बहुधा नव्या बांधणीच्या, एकसारख्या. मूळच्या सराईत मात्र एकाच दराच्या दोन खोल्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून तिथे ‘डबल रूम’ एवढ्यावर थांबू नका, खोलीचा क्रमांक मागून घ्या.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, सोबतची एक मैत्रीण जैन. चेन असल्यामुळे मेन्यूवर सगळं छापलेलं असतं, तेवढं बघून चालेल ना?

उत्तर : तेवढ्याने चालणार नाही. १४ ॲलर्जनची, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची, माहिती द्यावी लागते, चेन ती बहुधा छापील तक्त्यात देतात, आणि २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून कॅलरीही छापाव्या लागतात. पण मांस हा त्या चौदांतला घटक नाही. कांदा-लसूणही नाहीत. तक्ता ॲलर्जीसाठी आहे, आहारासाठी नाही.

शाकाहाराची खूण असलेला पदार्थच निवडा आणि वर तीन प्रश्न विचारा. चिप्स तळायचं तेल मासे-चिकनसाठीही तेच आहे का? पाई किंवा पुडिंगच्या पिठात प्राण्यांची चरबी आहे का? ग्रेव्ही कशाची? नाश्त्यात बीन्स, मशरूम, टोमॅटो, टोस्ट, हॅश ब्राउन मिळतं, पण मशरूम आणि अंडी ज्या तव्यावर होतात त्यावरच बेकन भाजलेलं असू शकतं. ‘वेगळ्या पॅनमध्ये’ असं ऑर्डर देतानाच सांगा, नाश्त्याच्या गर्दीत मागून सांगितलेलं स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. जैन मैत्रिणीसाठी तयार सॉस, सूप आणि सॉसेज पूर्ण टाळा, चेनच्या स्वयंपाकघरात ते बाहेरून तयार होऊन येतात आणि त्यातून कांदा काढता येत नाही. भाजलेला बटाटाही तिला चालणार नाही. चीज टोस्ट, फळं, साधं सॅलड, लापशी एवढंच खात्रीचं. चीजमधलं रेनेट (दूध घट्ट करायचं द्रव्य, अनेकदा वासराच्या पोटातलं) चालत नसेल तर तेही विचारा.

बिअर घेणाऱ्या शाकाहाऱ्यांसाठी एक बारकावा. पिंपातली ‘एल’ ही पारंपरिक बिअर नितळ करायला माशाच्या वाताशयापासून बनवलेला आयसिंग्लास नावाचा पदार्थ वापरतात. तो गाळ खाली बसवतो आणि गाळाबरोबर तळाशी राहतो. मासा हा चौदांतला ॲलर्जन असला तरी बिअर-वाइन नितळ करण्यासाठी वापरलेल्या आयसिंग्लासला नोंदीतून सूट आहे, त्यामुळे तक्त्यात तो दिसणारच नाही. ‘व्हीगन’ असं लिहिलेली बिअर घ्या.

प्रश्न : बारवरच्या हातपंपाने ओढून देतात ती बिअर कोमट आणि फेस नसलेली असते. खराब म्हणून परत करावी का?

उत्तर : थंडगार लागत नाही म्हणून परत करू नका. ही बिअर ११ ते १३ अंश सेल्सियसलाच द्यायची असते आणि तिच्यात बाहेरून वायू भरलेला नसतो. पिंपात जिवंत यीस्ट असतं. नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे साधारण ४१ लिटर किंवा ७२ पाइंट. ते तळघरात आडवं ठेवून हलणार नाही असं पाचरीने अडकवतात. वरच्या भोकात सच्छिद्र लाकडाची खुंटी मारली की जादा वायू निघून जातो. बुडबुडे मंदावले की घट्ट खुंटी लावतात आणि गाळ बसू देतात. नळ ठोकून विक्री सुरू झाली की आत हवा जाते, म्हणून पिंप तीनेक दिवसांत संपवावं लागतं. मागणी नसलेल्या पबमध्ये सहा-सात प्रकारच्या हातपंपांची रांग दिसली तर आम्हाला ती धास्तीच वाटते. त्यापेक्षा दोनच पंप, पण भराभर चालणारे बरे.

परत करायची कारणं ही : व्हिनेगरसारखा आंबट वास (हवा लागून जुनी झाली), ओल्या पुठ्ठ्याचा वास, किंवा नितळ असायला हवी ती गढूळ असणं (गाळ ढवळला किंवा पिंप तळाशी आलं). काही बिअर मुद्दाम गढूळ करतात, म्हणून आधी विचारा. खरोखर कोमट असेल आणि तुम्ही दिवसातले पहिले गिऱ्हाईक असाल तर रात्रभर नळीत राहिलेली बिअर तुमच्या वाट्याला आली आहे, ती ओतून टाकायला हवी होती. दोन घोट घेऊन लगेच सांगा, नीट चालवलेल्या पबमध्ये खळखळ न करता बदलून देतात. अर्धा ग्लास संपवून नेलात तर कठीण. पंपावरची नावाची पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे किंवा अजून तयार नाही.

प्रश्न : बारवर ऑर्डर कशी द्यायची, मापं काय आणि टिप किती?

उत्तर : टेबल पकडा, त्यावरचा क्रमांक लक्षात ठेवा, काउंटरवर जा, जेवण आणि पेय दोन्ही तिथेच सांगा आणि लगेच पैसे द्या. रांग दिसत नसली तरी असते : तुमच्याआधी कोण उभं होतं ते लक्षात ठेवायचं आणि चुकून तुम्हाला आधी विचारलं तर ‘हे आधी होते’ म्हणायचं. हात हलवणं, नोट फडकावणं नको.

पाइंट ५६८ मिलिलिटरचा. अर्धा, एक-तृतीयांश आणि २०११ पासून दोन-तृतीयांश पाइंटही विकता येतो. जिन, रम, व्होडका, व्हिस्कीचं माप २५ किंवा ३५ मिलिलिटर, दोन्हींपैकी कोणतं ते तिथे लिहिलेलं असायला हवं. वाइन १२५ किंवा १७५ मिलिलिटर आणि त्यांच्या पटीत. नुसतं ‘एक ग्लास’ म्हटलंत तर मोठा येण्याची शक्यता असते. १२५ चं माप उपलब्ध ठेवणं परवान्याच्या अटींत आहे, तेव्हा हवं असेल तर मागा. फेस फारच जास्त असेल तर ‘जरा भरून द्या’ म्हणणं मुळीच अशिष्ट नाही. पिण्याचं साधं पाणी मागितल्यास फुकट देणं हीसुद्धा परवान्याची अट आहे.

काउंटरवर टिप देत नाहीत. टेबलावर येऊन ऑर्डर घेतली तर बिलात सर्व्हिस चार्ज असू शकतो. तो ऐच्छिक असेल आणि सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णच्या पूर्ण कर्मचाऱ्यांना देणं मालकावर बंधनकारक आहे.

प्रश्न : खोलीतून वस्तू चोरीला गेली तर हॉटेल भरून देतं का? अंगणात लावलेल्या गाडीचं काय?

उत्तर : १९५६ च्या कायद्यानुसार मुक्कामी पाहुण्याची वस्तू हॉटेलात हरवली तर जबाबदारी हॉटेलची, पण रिसेप्शन किंवा मुख्य दाराजवळ ठरावीक सूचना लावलेली असेल तर ती एका वस्तूला ५० पौंड आणि एका पाहुण्याला एकूण १०० पौंड इतकीच. हे आकडे आजवर वाढलेले नाहीत. चोरी कर्मचाऱ्यांच्या चुकीमुळे झाली किंवा वस्तू सांभाळायला म्हणून त्यांच्या ताब्यात दिली होती, तर ही मर्यादा लागत नाही. म्हणून दागिने आणि लॅपटॉप तिजोरीत ठेवायला देऊन पावती घ्या. गाडी आणि गाडीत ठेवलेलं सामान या कायद्यातून पूर्ण वगळलेलं आहे.

प्रश्न : आम्ही बारा वर्षं इंग्लंडमध्ये एका लहान गावात राहतो. चौकातला जुना पब-हॉटेल कंपनी विकते आहे, फ्लॅट होतील अशी कुजबुज आहे. लिस्टेड इमारत असताना हे होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं. यादी भिंतींना वाचवते, पबला नाही. पण अडवायचे दोन मार्ग आहेत. मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला नियोजन परवानगी लागते, म्हणजे अर्ज येईल आणि त्यावर हरकती घेता येतील. ‘छान पब होता’ एवढं लिहून भागत नाही. तिथे कोणत्या सभा होतात, गावात मुक्कामाची दुसरी सोय किती, बाजाराच्या दिवशी किती लोक जेवतात, असं मुद्देसूद लिहा.

दुसरा मार्ग २०११ च्या लोकलिझम कायद्याचा. किमान २१ स्थानिक मतदारांचा गट कौन्सिलकडे अर्ज करून पबची ‘सामुदायिक मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंद मागू शकतो. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाने विकायला काढलं की गावाच्या गटाला सहा आठवड्यांत ‘आम्हाला बोली लावायची आहे’ असं कळवावं लागतं, मग एकूण सहा महिने विक्री थांबते. मालकावर गावालाच विकण्याची सक्ती होत नाही, फक्त पैसे उभे करायला वेळ मिळतो. म्हणून पाटी लागायची वाट पाहू नका, अर्ज आताच करा.

त्याबरोबर इमारतीचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा : जिना, बारचं लाकूडकाम, फरशा, काचेवरची अक्षरं. लंडनच्या मायडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न २०१५ मध्ये परवानगीशिवाय पाडला गेला. कौन्सिलने तो जसाच्या तसा पुन्हा बांधायचा आदेश दिला आणि २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला. इमारतीची तपशीलवार नोंद आधीच झालेली होती, म्हणून ‘जसाच्या तसा’ म्हणजे काय हे ठरवता आलं.

प्रश्न : आमचं विमान उशिरा पोचतं, गावात शिरेपर्यंत रात्रीचे साडेबारा होतील. चालेल?

उत्तर : कळवलंत तर चालेल. इथे रिसेप्शन म्हणजे बहुधा बारचा काउंटरच असतो. बार बंद झाला की दिवे मालवून माणसं घरी जातात आणि दारावरची घंटा वाजवून कुणी येत नाही. दुपारीच पबला थेट फोन करा (ग्राहक-कक्षाला नव्हे), पोचायची वेळ सांगा. दाराचा कोड, किल्लीच्या पेटीचा कोड, कोणतं दार, रात्री हजर असणाऱ्या माणसाचा नंबर, या चार गोष्टी लिहून घ्या. दार बहुधा समोरचं नसतं, कमानीतून आत जाऊन अंगणातलं असतं.